तेजरामचा थर

मित्रांनो, जिवंत पोराच्या फोटोला चंदनाचा हार घालणाऱ्या बापाला तुमच्याकडे काय म्हणतात, मला ठाऊक नाही. आमच्या घरी त्याला तेजराम म्हणतात. साठी उलटली, डोक्यावरचे केस गेले, दोन्ही गुडघे मिळून एकाचं काम करतात, पण अक्कल काही आली नाही. परवा सकाळी त्याने स्टूल ओढलं, बैठकीच्या भिंतीत खिळा ठोकला, थोरल्या पोराचा, कमलेशचा, फोटो टांगला आणि त्याला हार घातला. खाली उदबत्ती लावली. धूर परसापर्यंत आला. धुराबद्दल मला कोणी शिकवू नये. कोणता धूर कशाचा, हे मी न बघता सांगते. त्या धुराला वास होता, पण ऊब नव्हती.

मी एक जुनी भट्टी आहे. भिलाईत भट्टी म्हटलं की लोक कारखान्याकडे बोट दाखवतात. ती वेगळी. तिच्यात लोखंड वितळतं, माझ्यात केक होतो. ती मोठी असेल, पण तिच्यासमोर बसून कोणी कधी "झाला का गं?" असं प्रेमाने विचारलं नसेल.

शाळा माझी झाली नाही. मी मूळची तेलाचं पिंप. अंगावर काही अक्षरं होती, ती पहिल्या निखाऱ्यातच जळाली. पुढे केकवर मलईने लिहिलेली नावं समोरून बघून बघून थोडी अक्षरं आली. म्हणजे माझं शिक्षण वाढदिवसापुरतं. तेवढ्यावर मी हे सांगते आहे. चुकलं तर हसू नका.

छत्तीसगढ वेगळं झालं, त्याच्या पुढच्या साली मला तेजरामने घडवलं. तेव्हा तो कारखान्यात फिटर होता, आमगावकडचा, सेक्टर सहाच्या क्वार्टरमध्ये राहायचा. त्याची बायको नलू. शेजारच्या क्वार्टरमधल्या केरळी सिस्टरने तिला केक शिकवला. तीनदा नलू त्यांच्या ओव्हनवर केक भाजून आली. चौथ्यांदा तिला लाज वाटली. ती नवऱ्याला म्हणाली, "एवढ्या मोठ्या भट्टीचे नट कसता, मले एक लहानशी भट्टी नाही होत तुमच्यानं?"

तेजरामला ते लागलं. त्याने कबाडीकडून पिंप आणलं, आडवं केलं, आत जाळी बसवली, खाली एक आणि डोक्यावर एक असे निखाऱ्याचे दोन तवे दिले. दाराला बिजागऱ्या आणि कडी लावली. दाराच्या मधोमध त्याने निळ्या काचेचा तुकडा बसवला. भट्टीवरचे लोक तसल्याच काचेतून आगीत बघतात, डोळे दिपत नाहीत. तो माझा डोळा. तेव्हापासून मी जग निळं बघते. चांगला होता तेव्हा तेजराम. पहिला केक फुलला तेव्हा त्याने माझ्या पाठीवर थाप मारली होती आणि हात भाजून घेतला होता.

नलूच्या माहेरी सणाला माणशी एक पिठाचा दिवा लावायचे. ती रीत तिने केकात आणली. घरात जितकी माणसं, तितके थर. माझ्या पोटात एकावेळी एकच डबा मावतो, म्हणून एकेक थर वेगळा भाजायचा. डबा आत सरकवून दार लावताना त्या माणसाचं नाव घ्यायचं. मग थरांवर संत्र्याचा रस शिंपडायचा, मध्ये फेटलेली मलई भरायची, थोरल्याचा थर खाली, धाकट्याचा वर. पाहुण्यांसमोर तो केक उभा राहिला की माणसं खुर्चीत सरळ बसायची. शेजारणी म्हणायच्या, "नलूबाईचा केक म्हंजे घरचं राशनकार्डच हाय!" खरंच होतं. कार्डात खोटं नाव चढतं, माझ्यात चढत नाही.

कसं चढत नाही, ते सांगते. आणि घाबरू नका, मीही आता घाबरत नाही.

दहा वर्षांपूर्वी कमलेशचं लग्न ठरलं. डोंगरगढची मुलगी. हळद लागली. दुपारी मांडवात सगळे जेवत होते, तेव्हा तो हळदीच्या अंगाने मागच्या दाराने निघाला. माझ्यासमोरून गेला. निळ्या काचेतून पिवळी हळद हिरवी दिसते. हिरवा पोरगा फाटक उघडून गेला आणि पुन्हा आला नाही. का गेला, ते त्यालाच ठाऊक. मुलीकडचे रडत परत गेले, तेजरामची मान खाली गेली. त्याने सांगितलं, या घरात त्याचं नाव काढायचं नाही.

नलूने काढलं नाही. फक्त माझं दार लावताना ओठांत घ्यायची. फोन नाही, चिठ्ठी नाही, पण दर वेळी कमलेशचा थर टम्म फुलायचा. नलू निळ्या काचेला डोळा लावून बघायची आणि म्हणायची, "फुलला. बस." तेवढीच तिला पोराची खबर. तेजराम ताटात आलेला तो थर चमच्याने बाजूला काढून ठेवायचा.

पुढे तेजराम रिटायर झाला, क्वार्टर सुटलं, आम्ही हुडको कॉलनीतल्या घरात आलो. धाकट्या सुशीलचं लग्न झालं, रेणू घरात आली. मग नलू आजारी पडली. दवाखान्यातून सोडणार, अशी खबर आली, म्हणून रेणूने सासूसाठी केक मांडला. सगळ्यांचे थर फुलले. नलूचा घातला. रेणू काचेतून बघत होती. थर वर आला, क्षणभर थांबला, आणि कोणी छातीवर हात ठेवून दाबावं तसा खाली बसला. पितळी झाकण पडल्यासारखा माझ्या पोटात आवाज झाला. मी असला आवाज आधी कधी केला नव्हता. रेणू तशीच बसून राहिली. थोड्या वेळाने आत फोन वाजला, नलू गेल्याचा.

आत कोण फुलवतं आणि कोण बसवतं, हे मला विचारू नका. ते माझ्याच पोटात होतं, तरी मला कळत नाही.

रेणूने हे कोणाला सांगितलं नाही. पण त्यानंतर पाच वर्षं तिने मला पेटवलं नाही. ओट्यावर एक पांढरी बाई आली. विजेवर चालते, झालं की टिंग करते. मालकिणीला टिंग करून बोलावणारी मोलकरीण मी पहिल्यांदाच बघितली. माझ्यावर फुटकी बादली आली, खराटा आला, आत मांजरीने पिल्लं घातली. मांजरीचा राग नाही. ती निदान माझ्या आत निजली.

मित्रांनो, आता परवाचं ऐका.

तेजरामची मुलगी ऐश्वर्या, चोवीस वर्षांची. चरोद्याच्या रेल्वे कॉलनीतून तिच्यासाठी स्थळ आलं. मुलगा राजदीप, रेल्वेत. त्याची आई ममताबाई मोठी धारेची बाई. ऐश्वर्याच्या पाचव्या वाढदिवसाला ती सेक्टर सहाला आली होती. फोनवर म्हणाली, "नलूबाईचा थराचा केक खाल्ला होता तवा. त्या भट्टीतला असन तर येतो जी. पोहे खायाले चरोद्याहून कोण येते, पोहे आमच्या घरी पण होतात." मग तिनेच विचारलं, "तुमाले दोन पोरं होते न? थोरला काय करते?"

आणि तेजराम म्हणाला, "थोरला गेला जी. सुरतकडे होता. अपघात झाला."

झालं. हळद लावून पळालेला भाऊ आहे म्हटलं तर स्थळ जाईल, ही त्याची भीती. मेलेल्या भावाला कोण काय विचारणार, हा त्याचा हिशेब. मग खिळा, फोटो, हार.

ऐश्वर्या रडकुंडीला आली. "बाबा, ये क्या कर रहे हो? उद्या दादा दारात उभा राहिला तर?"

"दहा वर्षांत नाही आला, उद्या येते का? आणि मेल्याची बोंब उठली का आयुष्य वाढते म्हणतात. त्याचं भलंच करून राहिलो मी." मग रेणूकडे वळून म्हणाला, "सूनबाई, थर चार. मी, सुशील, तू, ऐशू. पाचवा दिसला तर पाहा."

त्या दुपारी रेणूने मला बाहेर काढलं. मांजरीची जागा झाडली, माझा डोळा पदराने पुसला.  सुशील गाडी घेऊन पाहुण्यांना आणायला चरोद्याला गेला होता. चैताचं ऊन होतं, गल्लीत चिटपाखरू नव्हतं, कुलरसुद्धा दमून बंद पडले होते. तेजराम सावलीत खुर्ची टाकून राखणीला बसला.

पहिला थर घरच्या थोरल्याचा. रेणूने डबा सरकवला, दार लावलं आणि हळूच म्हणाली, "मामाजी." आमच्याकडे सून सासऱ्याला मामाजी म्हणते, नाव घेत नाही. मग रीत म्हणून कानात सांगितल्यासारखं पुटपुटली, "तेजराम."

तिने काचेला डोळा लावला. थर वर आला. थांबला. आणि बसला. तोच आवाज.

रेणू दचकून मागे सरली. खुर्चीत तेजराम धडधाकट बसला होता, कान कोरत.

"काय झालं वं?"

"बसला, मामाजी."

"सोडा कमी पडला असन. तुमाले आजकाल टिंगवाल्याची सवय." त्याला काहीच ठाऊक नव्हतं. "दुसरे करून घे, माझा मागून पाहू."

सुशीलचा फुलला. रेणूचा फुलला. ऐश्वर्याचा तर माझ्या टाळूला लागला. मग पुन्हा तेजरामचा घातला, सोडा थोडा जास्त. दाराबाहेर रेणू सासऱ्याच्या छातीकडे बघत होती, वर-खाली होते की नाही. होत होती. आत मात्र थर बसला, या वेळी आधीपेक्षा लवकर. वारा पडला होता, तरी माझ्या डोक्यावरचे निखारे कोणी फुंकर घातल्यासारखे लाल झाले.

"मामाजी, तुमाले बरं वाटते न?"

"मले काय धाड भरली? चारचे पाहुणे हायेत, हात चालव."

पातेल्यात पीठ उरलं नव्हतं. कडेला चिकटलेलं होतं, तेवढं रेणूने बोटाने खरवडून डब्यात घातलं. तळही धड झाकला नाही. तेजराम उठून पाणी प्यायला आत गेला होता. रेणूने डबा आत ठेवला, कडी लावली. नाव कोणाचंच घेतलं नाही. तिचे ओठ मिटलेले होते, मी पाहिले.

पण नाव घेतलं गेलं. दाराच्या आतल्या बाजूने. माझ्या पोटातून. कोणी घेतलं ते विचारू नका म्हणून आधीच सांगितलं.

मूठभर पीठ, आणि थर वर येत गेला, येत गेला, डब्याच्या काठाला आला. परसात हळदीचा वास सुटला. ओली हळद, तेलात कालवलेली, लग्नाची. रेणूने डबा काढला तेव्हा थर पिवळाजर्द होता. तिने त्यात हळद घातली नव्हती. केकात कोण घालतं?

ऐश्वर्या मागून आली. बघितलं. तिला दहा वर्षांपूर्वीचा तो वास आठवला असणार, कारण तिने भिंतीला हात टेकला.

"वहिनी, ये दादा का है?"

"मी नाव नाही घेतलं, ऐशू. आईची शपथ."

"और बाबाचा?"

रेणूने ते दोन बसके थर दाखवले. कडक, काळपट, ओल्या मातीच्या पणतीसारखे. मग सासूच्या वेळचं जे पाच वर्षं पोटात ठेवलं होतं, ते सगळं तिने नणंदेला सांगितलं.  बाहेर गाडीचा हॉर्न वाजला.

मोजायला गेलं तर थर चारच झाले होते. तेजरामने मागितले तितकेच. फक्त आतली माणसं वेगळी होती.

हुडकोचं घर आगगाडीच्या डब्यासारखं. पुढचं दार उघडलं की मागचं परस दिसतं. मला माझ्या जागेवरून टेबल दिसत होतं, त्यावर केक दिसत होता. काय उभा राहिला होता, काय सांगू! मलई गुळगुळीत, संत्र्याच्या फोडी वर चंद्राकार. पाच वर्षांनी मी काही केलं होतं. गर्व करायचा नाही म्हणतात, पण मी केला.

ममताबाईने आधी फोटोला हात जोडले. उदबत्तीची राख त्याच वेळी अख्खीच्या अख्खी खाली पडली. मग ती टेबलाशी आली, सुरी घेतली आणि एक फोड कापून आडवी केली.

"एक, दोन, तीन, चार. बरोबर. घरात चार." ती खूश झाली. "नलूबाईनं मले खालून वर नावं सांगतली होती. सांग वं सूनबाई. हा खालचा, थोरल्या माणसाचा. तेजरामजीचा न?"

"हो जी, माझाच," तेजराम हसत म्हणाला.

रेणूने ताटल्या पुढे सरकवल्या. सुरीचं टोक पिवळ्या थरावर होतं.

"पिवळा कावून हाय हा? कावून बोलत नाहीस?"

रेणूने ऐश्वर्याकडे बघितलं. खरं बोलली तर नणंदेचं स्थळ जाणार, खोटं बोलली तर तो पोरगा आज या टेबलावर मेला म्हणून पक्का होणार. मला वाटलं, ही आता मान खाली घालेल.

ऐश्वर्याच म्हणाली, "वहिनी, जे हाय ते सांग."

"हा मामाजींचा नाही," रेणू म्हणाली. "हा कमलेश भासऱ्यांचा, यांच्या थोरल्या भावाचा."

ममताबाईने सुरी उचलली. "गेलेल्याचा थर करतात तुमच्याकडे?"

"गेलेल्याचा फुलत नाही जी. सासूबाईंचा फुलला नव्हता. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं."

"मंग तेजरामजीचा कोणता?"

"मामाजींचा दोनदा घातला," रेणू म्हणाली, "दोनदा बसला."

 राजदीपच्या हातातला चमचा ताटलीत पडला. सुशीलने बापाकडे बघितलं आणि नजर काढून घेतली. तेजरामने नकळत आपली छाती चाचपली. मित्रांनो, स्वतःच्या घरात, भर दुपारी, माणूस आपण आहोत की नाही हे असं तपासून बघतो, ते मी पहिल्यांदा पाहिलं.

"जिवंत हाय न तो?" ममताबाईने विचारलं.

"हळदीतून पळाला होता," तेजराम पुटपुटला. "तुमाले कसं सांगू जी."

ममताबाई उठली. जड अंगाची बाई, पण स्टूल न घेता टाचा उंच करून तिने फोटोवरचा हार काढला आणि तेजरामच्या हातात दिला. "आमच्या चरोद्यात जित्या पोराले हार लग्नातच घालतात. पळालेला पोरगा कोणाच्या घरी निघत नाही? माझा सख्खा भाऊ दोनदा पळाला, दोनदा धरून आणला. पोरगी मले पसंत हाय, सूनबाई तर अजून पसंत हाय. पण बाप हाय का नाही या घरात, ते पाहू द्या. मंग बोलू."

 हार हातात घेऊन तेजराम परसात आला. माझ्यासमोर बसला, गुडघे कटकटले. त्याने हार जमिनीवर ठेवला. रेणूच्या पसाऱ्यातून मैदा घेतला, साखर घेतली, पाणी घातलं. अंडं त्याला धड फोडता आलं नाही, टरफलासकट पडलं. जन्मात पहिल्यांदा त्याने पीठ कालवलं. निखारे पंख्याने फुलवले. डबा आत सरकवला, आणि मला दिलेल्या त्या कडीवर हात ठेवून, सगळ्यांना ऐकू जाईल असं, स्वतःचंच नाव घेतलं.

"तेजराम."

दारात ममताबाई, ऐश्वर्या, रेणू उभ्या. सगळे निळ्या काचेकडे बघत होते.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तूंची काळजी घ्या, असं म्हणायची रीत आहे. घ्या जरूर. गंज लागू देऊ नका, मांजर असेल तर पिल्लं मोठी होईपर्यंत थांबा. पण माझं खरं मागणं वेगळं आहे. घरातलं जे माणूस निघून गेलं, रागाने, लाजेने, चुकून, त्याला मोजत राहा. त्याचा वाटा ताटातून बाजूला काढा हवा तर, पण वाढा. तुम्ही मोजणं बंद केलं की दुसरं कोणीतरी मोजायला बसतं, आणि ते तुमचं नाव गाळतं.

तेवीस वर्षांत मी एक शब्द बोलले नव्हते. त्या दुपारी माझी कडी आपोआप वर झाली, बिजागऱ्या वाजल्या, आणि दार उघडून मी माझ्या घडवणाऱ्याला मोठ्याने सांगितलं. सगळ्यांनी ऐकलं. ऐश्वर्याने तर कानांवर हात ठेवले.

"तेजराम, आपलं नाव आपणच घेऊन थर फुलत नाही रे. रेणूने दोनदा घेतलं, तरी नाही फुलला. आता ते कमलेशनेच घ्यावं लागेल. ऊठ, त्याला शोधून आण. आणि तोवर या घरात स्वतःला मोजू नको."